तिघांपुरती बोट

सोनकांबळे सरांना शांत पाण्याचा राग होता. आमच्या तंत्रनिकेतनाची सहल एखाद्या तलावावर गेली आणि कोणी "अहाहा, काय निवांत पाणी आहे" म्हणालं, की यांचं तोंड वाकडं झालंच. "निवांत कशाचं बाई, चिकट आहे ते," मला म्हणायचे. "बोटीचं बूड धरून ठेवतं, सुटू देत नाही. वाऱ्यानं पाण्यावर जरा सुरकुत्या पडल्या पाहिजेत, मग बुडाखाली हवा शिरती अन् बोट मोकळी पळती." आमच्या नांदेडात नदी म्हणजे आंघोळीला, धुण्याला आणि राख सोडायला. तिच्यावर कोणी वेगाने पळत सुटावं ही गरज आजवर कोणाला वाटली नव्हती. त्यामुळे सर बोलायचे आणि आम्ही चहा प्यायचो.

ते मेकॅनिकल शिकवायचे, मी इंजिनिअरिंग ड्रॉइंग. मी मूळची निलंग्याची, घरात तीन पिढ्या मास्तरकी, त्यामुळे जिभेला हाड नाही. सर माझ्या उलट. उंच, हडकुळे, कॉलरचं बटण गळ्याशी लावलेलं, आणि शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक स्टीलचा चमचा. हा चमचा जेवणाचा नव्हे, शिकवण्याचा. पोरांना नळापाशी न्यायचं, धार सोडायची आणि चमच्याची पाठ हळूच त्या धारेला लावायची. बघणाऱ्याला वाटतं, धार चमच्याला ढकलून देईल. ढकलत नाही, ओढून घेते. "बघा," सर म्हणायचे, "वाहतं पाणी गोल बुडाला असं खेचून घेतं. बोटीचं बूड मागं गोल ठेवलं की झालंच. तिथं ते सपाट पाहिजे, अन् कडा धारदार."

दुष्काळ पडला आणि नळाला दोन-चार दिवसांआड पाणी येऊ लागलं, तेव्हा सरांनी पिण्याच्या माठातलं पाणी तांब्याने ओतून हाच खेळ सुरू ठेवला. आमचे शिपाई गफूरभाई कासावीस झाले. म्हणाले, "सर, हंडाभर पान्यासाठी बायका फजरला उठून राहिल्या, अन् तुमी चमच्याला पाजून राहिले व्हय?" सरांनी मुकाट्याने तांब्या खाली ठेवला. नंतरच्या तासाला मात्र खाली बादली धरून पुन्हा तेच.

पंख्याची गोष्ट तर आमच्याकडे अनेक वर्षं चालली. स्टाफरूमच्या छताचा पंखा सरांनी एका दुपारी टेबलावर चढून उतरवला आणि त्याची तिन्ही पाती वाकवून जास्त तिरपी केली. पंखा लावला तर तो हळूहळू फिरतोय, कण्हतोय, पण वारा असा की कागद उडाले. मग पाती जवळजवळ सपाट केली. आता पंखा भन्नाट फिरतोय आणि वारा नावाला नाही. "बोटीच्या मागचा पंखा असाच," सर टेबलावर उभे राहूनच सांगायला लागले. "त्याला प्रोपेलर म्हणा. पातं तिरपं केलं की एका फेऱ्यात जास्त पाणी मागं लोटतं, बोट जास्त पुढं जाती. पण ते फिरवायला इंजिनात दम पाहिजे. बोटीत वजन वाढलं अन् पंखा तिरपाच राहिला, तर इंजिन कण्हत बसतं. बोटीचं नाक वर, बूड पाण्यात, अन् गाडी काही उठत नाही." प्राचार्य घाम पुसत दारात येऊन उभे होते ते त्यांना दिसलेच नाहीत. पाती पुन्हा तिरपी करून दाखवताना पंख्याची मोटार जळाली. त्या मे महिन्यात स्टाफरूममधलं कोणी सरांशी धड बोललं नाही.

हा सगळा उपद्व्याप कशासाठी, ते मला फार उशिरा कळलं. सरांचं गाव एका धरणाच्या फुगवट्यापलीकडे होतं. धरण झालं तेव्हा गाव उंचावर म्हणून वाचलं, पण तालुक्याला जाणारा रस्ता पाण्याखाली गेला. पाण्यावरून पलीकडचा सरकारी दवाखाना डोळ्यांना दिसायचा. बैलगाडीने वळसा घालून जायचं तर अर्धा दिवस. त्या गावात सरांची थोरली बहीण राहायची. सगळं गाव तिला आक्का म्हणे. आई गेली तेव्हा सर रांगत होते. आक्काचं लग्न झालं, नवरा गेला, ती माघारी आली, आणि दुसऱ्यांच्या शेतात खुरपणी करून तिने या भावाला इंजिनिअर केला. आता तिचं हृदय अधूनमधून दगा देत होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, त्रास सुरू झाल्याबरोबर आणलंत तर मी काही करू शकेन, वळसा घालून आणणार असाल तर माझ्यावर भरवसा ठेवू नका.

मग आणा तिला नांदेडला, असं मीही म्हणाले. आणली होती. आठवडाभर राहिली आणि परत गेली. क्वार्टरमध्ये सकाळी दार उघडलं की समोर कोणाचंच तोंड दिसत नाही, ही तिची तक्रार. तेव्हा बहीण येत नाही तर दवाखाना जवळ आणायचा, असा सरळ हिशेब सरांनी मांडला आणि तो जवळ आणायला वेगाची बोट लागते म्हणून ती बांधायला घेतली. वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये, पोरांना हाताशी धरून, प्लायवुड आणि फायबरची. कुठल्याशा लिलावात निघालेलं जुनं इंजिन आणून त्यांनी ते पार उघडून पुन्हा बांधलं. त्याला दोन पंखे मिळवले. एक ॲल्युमिनियमचा, कमी तिरप्या पात्यांचा, ओझ्यासाठी. दुसरा स्टीलचा, जास्त तिरपा, वेगासाठी.

बोट पाण्यावर पळवून बघायची होती त्या रविवारी मी सोबत गेले. सकाळी पोचलो. पाणी तळहातासारखं पसरलेलं, मला वाटलं आता निघायचं. सर काठावर बसून राहिले. "वारा येऊ द्या." दुपार झाली, भूक लागली, मी दोनदा चिडले. "इंजिनालाबी ऊन बाधतं बाई, गरम हवेत त्याला दम पुरत नाही. सांजच्याला बघू." उन्हं उतरली, वारा सुटला, पाण्यावर बारीक लाटा आल्या. मग त्यांनी इंजिन इंचभर वर उचलून कसलं, पुन्हा अर्धा इंच खाली घेतलं. वर असलं की पाण्यातली आडकाठी कमी होते, फार वर गेलं की पंखा पाण्याऐवजी हवा ओढतो. आम्ही दोघं बसलो. थोडं अंतर बोट नाक वर करून फुरफुरत गेली आणि मग एकदम आडवी होऊन पाण्यावर चढलीच. खालचं पाणी टणक झालं, पत्र्यावरून पळावं तसं खडखडायला लागलं. मी पदर डोक्याला गुंडाळून ओरडत होते, भीतीने का आनंदाने कोण जाणे. सर हसत होते. इतकी वर्षं सोबत काम केलं, पण त्यांना असं दात दाखवून हसताना मी तेव्हाच पाहिलं.

पलीकडे आक्का उभीच होती. लहानखुरी बाई, कपाळ कोरं, आवाज खणखणीत. "या बाई, बसा. ह्या येड्यानं तुमालाबी पाण्यात घातलं का?" ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि ठेचा आमच्या पुढ्यात आला. सर जेवता जेवता हिशेब सांगत होते. बोटीत आक्का, चालवायला ते स्वतः किंवा त्यांनी शिकवलेला शेजारचा माधव, आणि आक्काला धरून बसायला आणखी एक. तिघं. स्टीलचा पंखा तिघांना घेऊन पाण्यावर चढतो, चौथा-पाचवा बसला की जड जातं.

"अन् बाकीचे?" आक्काने विचारलं.

"काठावर थांबतील."

आक्का एवढी हसली की तिला ठसका लागला. "थांबतील? आरं, आपल्या गावात मयतीला कुणी मागं थांबत न्हाई, अन् दवाखान्याला थांबतील व्हय?"

सरही हसले. मीही हसले. गंमतच होती ती.

पुढे दोन वर्षं पाऊस रुसला. लातूर नवा जिल्हा झाल्याचे सत्कार-सोहळे त्याच सुमारास चालले होते. निलंग्याहून माझ्या भावाचं पत्र यायचं, त्यात निम्मी हौस नव्या जिल्ह्याची आणि निम्मी रड विहिरींची. इकडे धरणाचं पाणी मागे हटत गेलं. आणि पाणी आटलं म्हणजे रस्ता उघडा पडेल असं मला वाटत होतं, तसं काही झालं नाही. काठाला चिखलाचा रुंद पट्टा उरला. त्यात गुडघ्यापर्यंत माणूस रुततो, बैल तर पोटापर्यंत. मधे जुन्या पात्रात पाणी, तेही गढूळ आणि उथळ. चालता येत नाही, गाडी जात नाही, बोट कशीबशी जाते. सर दर रविवारी जाऊन बांबूने खोली मोजायचे आणि सोमवारी काळे पडून यायचे.

या दिवसांत पंखा बदलावा का, हा विचार त्यांनी माझ्यासमोर कितीदा केला. शेवटी स्टीलचाच ठेवला. त्यांचं म्हणणं असं, की चिखलातून बोटीपर्यंत न्यायलाच आता फार वेळ जाणार, तो पाण्यावर भरून काढायला हवा. शिवाय पाण्यावर चढलेली बोट वरच्या वर जाते, तिला खोली कमी लागते. कागदावर मलाही ते पटलं. आजही कागदावर त्यात चूक सापडत नाही.

त्या चैत्रातल्या एका सोमवारी सर आले नाहीत. पुढचे काही दिवसही नाहीत. मग गफूरभाईंनी बातमी आणली, सरांची बहीण गेली. मी पुण्यानुमोदनाला, त्यांच्या बौद्ध रीतीच्या दिवसकार्याला, गेले. परत आल्यावर एकदा स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच असताना सरांनी मला सगळं सांगितलं. त्यांनी सांगितलं तसं लिहिते.

ते रविवारचे तिथेच होते. आक्काला दुपारी त्रास सुरू झाला. वारा नाही, पाणी आरशासारखं. माधव बोट तयार करायला पुढे पळाला. बाज उचलायला सहा माणसं लागली, कारण चिखलात दोघांचे पाय रुतले की दुसऱ्यांनी झेलायची. सरांचा चुलता, सत्तरी उलटलेला, बाजेच्या पायथ्याशी. येसूमावशी, जिने आई गेल्यावर सरांना अंगावर पाजलं होतं, ती आक्काच्या तोंडावर पदराची सावली धरून चिखलातून चालली होती. मांड्यांपर्यंत चिखल, अंगावर घाम, पण बाज एकदाही कलली नाही. बोटीपाशी आल्यावर आक्काला आत ठेवलं आणि कोणी कोणाला काही न विचारता सगळे आत चढले. चुलता, मावशी, बाज आणलेली माणसं.

"मला म्हाईत होतं बाई," सर म्हणाले. "तिथंच म्हाईत होतं. एवढ्यांना घेऊन ती उठणार नाही. तोंड उघडलं मी. चुलत्याकडं बघितलं, तो पाय धुवायला वाकला होता, चिखल बोटीत येऊ नाही म्हणून. ज्यांनी तिला खांद्यावर आणलं त्यांना काय म्हणू? उतरा? तुमचं काम झालं, आता मागं फिरा त्याच चिखलातून?"

मी स्टाफरूमचं दार ओढून घेतलं.

"नुसतं एवढं म्हणायचं होतं. तिघं बसा, बाकीचे थांबा. चार शब्द, जास्त नाही. पोरांना वर्गात दहा वेळा सांगितलं असेल."

बोट निघाली ती नाक आभाळाकडे करून. इंजिन कण्हत राहिलं. बूड खाली बसलं, तसा उथळ पाण्यात पंखा गाळाला लागायला लागला. सरांनी इंजिन उचललं तर पंखा हवा ओढू लागला, खाली घेतलं तर चिखल. पलीकडचा दवाखाना समोर दिसत होता. पांढरी भिंत, दारातली जीप, सगळं. मग इंजिन थंड ठेवणारी पाण्याची वाट गाळाने बुजली, ते तापलं आणि पाण्याच्या मधोमध बंद पडलं. माणसं पाण्यात उतरली. कमरेएवढं पाणी आणि खाली गाळ, तरी ढकलत राहिली. येसूमावशी आक्काशी बोलत राहिली. पलीकडचा काठ येण्याआधीच आक्का गेली. तेव्हा कुठे वारा सुटला, असं सर म्हणाले.

मी त्यांना म्हणाले, तिघंच असता तरी काय भरवसा होता? ते म्हणाले, "बाई, मला हिशेब येतो."

गावात त्यांना कोणी बोल लावला नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी स्वतः ऐकलं. चुलता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "येळ भरली हुती लेकराची. पर येकली न्हाई गेली. आमी समदे हुतो तिच्यापाशी, पार शेवटपोवत." हे सांगताना त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं. बोटीत चढून आपण आक्काची सोबत केली, याचं समाधान. आणि सर कोपऱ्यात बसून ऐकत होते, मान डोलावत होते. तिघांचा हिशेब मला आधीपासून माहीत होता, म्हणून मला तिथे रडू आलं ते आक्कासाठी आलं नाही.

त्याच दुपारी त्यांनी स्टीलचा पंखा काढला आणि ॲल्युमिनियमचा बसवला. इंजिन दुरुस्त झाल्यावर ती बोट दहा-दहा माणसं घेऊन आरामात पलीकडे जायला लागली. हळू जायची, पण जायची. बाळंतिणी गेल्या, सापाचं पान लागलेले गेले, एकदा गावचे पाटील गेले. त्या बोटीत गाव आणि गावाबाहेरची बौद्धवस्ती हा भेद पाळायला जागाच नव्हती. सगळे सरांना दुवा देत. सर तिच्यात पुन्हा बसले नाहीत.

मला त्यांनी एकच सांगितलं होतं, "चुलत्याला हे कधी कळू देऊ नका बाई. अन् मावशीला." ती दोघं आता नाहीत, बोटही कधीच मोडली. म्हणून लिहिलं.

पुढे लातूरकडच्या नव्या तंत्रनिकेतनात जागा निघाल्या आणि सरांनी स्वतःहून बदली मागून घेतली. नांदेडची माणसं लातूरला जायला नाक मुरडत होती, तिथे प्यायला पाणी नाही म्हणून. सरांना तेच बरं वाटलं असावं. खिशातला चमचा गेला होता. आता ते वर्गात पुस्तकातलं शिकवतात, पोरं कंटाळतात, असं ऐकू यायचं. मला राग यायचा. कोणाचा, ते सांगता येत नाही. त्या सहा माणसांचा तर नाहीच नाही. आपल्याकडे आजारी माणसाला एकटं सोडत नाहीत याचा मला आजवर अभिमान होता, तो ठेवावा की टाकावा हेही मला कळेनासं झालं.

त्यांना शेवटचं पाहिलं ते लातूरच्या एस.टी. स्टँडवर. मी निलंग्याला माहेरी निघाले होते. गाडीत शिरायलाच युद्ध. मला कशीबशी खिडकीची जागा मिळाली आणि बघते तर दाराच्या पायरीवर दांडा धरून सर उभे. केस पांढरे झाले होते, कॉलरचं बटण अजून गळ्याशी. वाटेतल्या गावी कुठल्या विद्यार्थ्याच्या लग्नाला निघाले होते. गर्दीतूनच आम्ही एकमेकांची चौकशी केली. तब्येत बरी आहे म्हणाले.

तेवढ्यात कंडक्टर ओरडला, "लई झालं, लई झालं! दोघं-तिघं खाली उतरा, त्याबिगर गाडी हालणार न्हाई!"

हे तो रोज ओरडतो. कोणी हलत नाही, जरा वेळाने तोच घंटी मारतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. गाडीतलं एक माणूस जागचं सरकलं नाही. सर उतरले.

"सर, चढा!" मी खिडकीतून ओरडले. "तो नुसतं म्हणतो हो!"

त्यांनी मान हलवली. "जाऊ द्या बाई. निघू द्या गाडी."

कंडक्टरलाच कसंतरी वाटलं. तो दारातून वाकून म्हणाला, "अवो मास्तर, या की. तुमच्या एकट्यानं काय होतंय? चलतंय गाडी."

सर दोन पावलं आणखी मागे सरकले आणि दोन्ही हात मागे घेऊन उन्हात उभे राहिले. घंटी वाजली. गाडी हलताना दोन पोरं पळत आली आणि त्यांच्या जागेवर चढली, आणि गाडी सगळ्यांना घेऊन व्यवस्थित निघाली.